इरावती : हत्तीची आई, राजाची धाकटी राणी इत्यादी

इरावती हे स्त्रीनाम मराठीत सर्वांना ठाऊक आहे, सर्वांना आवडते आणि सहसा कोणी ठेवत नाही. शाळेच्या हजेरीपटावर स्नेहल आणि पूजा मुबलक सापडतात. इरावती असलीच तर एखादी. बाई हजेरी घेताना त्या नावापाशी थबकतात आणि "कोणी गं ठेवलं हे?" असे कौतुकाने विचारतात. पूजेला हा प्रश्न जन्मात कोणी विचारत नाही.

नावाची फोड सोपी आहे. जिच्यापाशी इरा आहे ती इरावती. प्रश्न एवढाच की इरा म्हणजे काय. अमरकोशाने या शब्दाचे चार अर्थ दिले आहेत : भूमी, वाणी, पाणी आणि मद्य. बाळाच्या नावांची जी पुस्तके स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळतात त्यांत पहिले तीन अर्थ आळीपाळीने येतात. चौथा गाळला जातो, आणि बारशाच्या दृष्टीने ते ठीकच आहे. कालिदासाला मात्र बारसे करायचे नव्हते. त्याच्याकडे पुढे वळू.

या नावाच्या सर्वांत जुन्या मानकरणी नद्या आहेत. पंजाबातली जी नदी वेदांत परुष्णी म्हणून येते ती पुढे इरावती झाली. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांच्या जिभेला ते पेलले नाही, म्हणून त्यांच्या ग्रंथांत ती हायड्राओटीस झाली. स्थानिक लोकांनाही फार काळ पेलले नसावे, कारण आज तिला रावी म्हणतात. श्रावस्तीजवळून वाहणाऱ्या अचिरावतीचे असेच झाले. ती आता राप्ती आहे. नदी डोंगर झिजवते असे भूगोलात शिकवतात, पण माणसे नदीचे नाव त्याहून लवकर झिजवतात.

नद्यांनंतर नंबर लागतो हत्तीच्या आईचा. रामायणाच्या अरण्यकांडात जटायू आपली ओळख करून देताना सगळ्या प्राणिमात्रांची वंशावळ सांगू लागतो (सीतेचे रक्षण करण्याआधी एवढा वेळ त्याला होता). त्या यादीत भद्रमदेची मुलगी इरावती येते आणि तिचा मुलगा ऐरावत. म्हणजे ऐरावत हे नाव आईवरून पडले आहे. समुद्रमंथनाची कथा अधिक गाजल्यामुळे ऐरावत समुद्रातून निघाला असेच लोक धरून चालतात आणि आईचे नाव मागे पडते. असे हत्तींच्यातच होते असे नाही.

भागवत पुराणात आणखी एक इरावती आहे. विराटपुत्र उत्तराची ही मुलगी परीक्षिताला दिली होती. ज्याने सर्पसत्र मांडून सापांचा वंशच संपवायला घेतला तो जनमेजय हिचा थोरला. ज्या उत्तराने बृहन्नडेला सारथी करून रणांगणावरून पळ काढण्याचा प्रयत्न केला, त्याचा नातू इतका तापट निघावा, हे आनुवंशिकतेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे. खुद्द इरावतीबद्दल पुराण एका श्लोकापलीकडे जात नाही. त्यात तिचे लग्न होते आणि चार मुलगेही होतात.

या नावाला पहिली खरी भूमिका दिली ती कालिदासाने, 'मालविकाग्निमित्रा'त. विदिशेचा राजा अग्निमित्र याच्या पट्टराणीचे नाव धारिणी, धाकटीचे इरावती, आणि राजा ज्या दासीच्या मागे लागला आहे ती मालविका. तिसऱ्या अंकात इरावती रंगभूमीवर येते तीच मद्याच्या अंमलात, दासी निपुणिकेच्या आधाराने. तिकडे बागेत मालविका अशोकाला लाथ मारायला आलेली असते, कारण सुंदर स्त्रीची लाथ लागल्याशिवाय अशोक फुलत नाही असा संकेत. हे काम वास्तविक धारिणीचे, पण झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावला आहे. राजा झाडीआडून बाहेर येतो आणि मालविकेशी लाडीगोडी लावतो. इरावती दुसऱ्या झाडीआडून ते ऐकते, पुढे येते आणि कमरेचा सुटलेला पट्टा राजावर उगारते. संस्कृत नाटकात राजाला विरहाने, शापाने आणि विदूषकाने छळलेले पुष्कळ दिसते, पण पट्टा उगारणारी राणी विरळा. चौथ्या अंकात बिचारी समेटाच्या तयारीने येते, तर झोपेत बरळणारा विदूषक मालविकेला 'इरावतीच्या वरचढ हो' असा आशीर्वाद देताना सापडतो. कालिदासाने अमरकोशातला चौथा अर्थ मनात धरूनच तिचे नाव ठेवले की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. अमरकोश त्याच्या आधीचा की नंतरचा हा वाद पंडितांनी मिटवावा. नाटकाचा निकाल मराठी पालकांनी केव्हाच लावला आहे : मालविका नावाच्या मुली घरोघरी आहेत.

नदीचे नाव मुलीला देण्यात एक शास्त्रीय अडचणही होती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप वगैरेंची नावे असलेल्या मुलीशी लग्न करू नये असे सांगितले आहे. हा नियम महाराष्ट्राने मनावर घेतला असता तर गंगू, यमू, गोदू, कृष्णी, नर्मदा, सिंधू, शरयू, भागीरथी आणि चंद्रभागा या सर्वजणी बिनलग्नाच्या राहिल्या असत्या आणि आजचे बहुतेक वाचक जन्मालाच आले नसते. नियम कोणी पाळला नाही, निवड मात्र झाली. पुण्याच्या नद्यांना या यादीत स्थान नाही. मुठा हे नाव मुलीला कोणी देत नाही, आणि मुळा भाजीवाल्याकडे मिळतो.

गोदू आणि यमू यांच्या या गर्दीत इरावती नव्हती. पंजाबची इरावती तोवर रावी झालेली, पुराणातली एका श्लोकापुरती, आणि कालिदासातली आपल्या मुलीत उतरावी असे कोणाला वाटेना. नाव मराठीत रुळले ते चौथ्याच वाटेने, ब्रह्मदेशातून. तिथल्या राजांना आणि भिक्षूंना संस्कृत-पाली नावांची हौस जुनी. पेगूला ते हंसावती म्हणत. देशाच्या मधोमध वाहणाऱ्या महानदीचे नावही इरावती किंवा ऐरावती यावरून आले असे मानतात. इंग्रजांनी तिच्या स्पेलिंगात दोन आर आणि दोन डी घातले.

1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला याच नदीतून बोटीने खाली नेले. पुढल्या वर्षी तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. राज्य हिंदुस्थान सरकारच्या हाती गेल्यावर इकडून कारकून, कंत्राटदार आणि अभियंते तिकडे जाऊ लागले. त्यांत गणेश हरी करमरकर हे कापसाच्या कंपनीतले अभियंता होते. इरावतीकाठच्या म्यिंजान गावी 1905 च्या डिसेंबरात त्यांना मुलगी झाली आणि नदीवरून तिचे नाव ठेवले गेले. थोडक्यात, ब्रह्मदेशचा राजा कोकणात आला आणि कोकणस्थ ब्रह्मदेशात गेले. या अदलाबदलीत राजाला रत्नागिरीत एक वाडा मिळाला, तोही 1910 पर्यंत ताटकळून. मराठीला एक नाव मिळाले. टिळक मंडालेच्या तुरुंगात पोचायला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता.

ही मुलगी शिकायला पुण्याला हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी त्यांच्या शकुंतलेबरोबर वाढली. एका घरात कालिदासाच्या दोन नाटकांतली नावे नांदत होती, आणि भांडणाचा इतिहास नाही. पुढे ती महर्षी कर्व्यांची सून झाली. सासूबाई मूळच्या गोदू, म्हणजे त्याही नदीच. पण 1893 मध्ये पुनर्विवाहात त्यांच्या आनंदीबाई झाल्या. सून इरावतीची इरावतीच राहिली. नवऱ्याचे नाव फक्त उखाण्यात घ्यायच्या त्या काळात ती दिनकररावांना 'दिनू' म्हणे. स्वतः घरात 'इरू' होती. बर्लिनची डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजातले मानवशास्त्र, पुण्याच्या रस्त्यांवरची स्कूटर आणि 1967 चे 'युगान्त' हे सगळे सर्वश्रुत आहे. महाभारताचा शेवट सांगणाऱ्या लेखिकेचे नाव त्या शेवटानंतर गादीवर आलेल्या परीक्षिताच्या राणीचे असावे, हा योगायोग करमरकरांनी नक्कीच योजलेला नव्हता.

इरावतीबाईंनी नाव महाराष्ट्राला माहीत करून दिले आणि त्याच कारणाने ते अवघडही करून ठेवले. नावाला पीएच.डी. चिकटली. इतर मुलींना 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' कधीमधी ऐकावे लागते. गणितात पस्तीस पडलेल्या इरावतीला ते दर सहामाहीला ऐकावे लागते. खुद्द इरावतीबाईंनी आपल्या मुलींची नावे जाई आणि गौरी ठेवली. दोन दोन अक्षरांत काम भागले.

अक्षरांचा प्रश्न बारशालाच उभा राहतो. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते, आणि नाव सांगून होईपर्यंत मागे जमलेल्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. 'उमा' म्हणून चटकन सुटता येते. चार अक्षरी नावाला पाठ दुप्पट लागते. त्यातून आत्या विसरून 'ऐरावती' म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून. पाचवीच्या दिवशी 'इरावतीच ठेवू' म्हणणारे घर बाराव्या दिवशी 'इरा' वर का येते, त्याचे एक कारण हे असावे.

आज नाव टिकून आहे ते प्रामुख्याने नाटक-सिनेमात : लेखिका इरावती कर्णिक, अभिनेत्री इरावती हर्षे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये स्मृती हरवलेले संस्कृत पंडित एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि त्यांची मुलगी इरा त्यांना शोधत फिरते. ती भूमिका इरावती हर्षे यांची आहे. अरण्यकांडातली वंशावळ इतक्या चोखपणे पाळणारा दुसरा चित्रपट नसावा.

एरवी चलती आहे ती इराची. पंजाब्यांनी नावाचे शेपूट ठेवून रावी केली, मराठी माणसाने तोंड ठेवले. पालकांचा हिशेब असा की छोटे नाव परदेशात सोयीचे पडते. परदेशात, निदान अमेरिकेत, त्याच स्पेलिंगचा उच्चार 'आयरा' होतो आणि ते हिब्रूतून आलेले पुरुषाचे नाव आहे. संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांचे गीतकार भाऊ आयरा गर्श्विन. तेव्हा कोथरूडची इरा न्यू जर्सीला पोचली की बँकेच्या पत्रावर तिच्या नावाआधी 'मिस्टर' लागण्याचा संभव राहतो. इरावतीला हा त्रास नाही. तिचा त्रास पासपोर्टवरचा व्ही आणि पदवीच्या प्रमाणपत्रावरचा डब्ल्यू यांचा आहे, आणि या दोघी एकच बाई असल्याचे प्रतिज्ञापत्र तिने मुद्रांकावर करून ठेवलेले असते.