मी सोडतो ना!

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी तंबूच्या खुंट्या ठेवल्या होत्या. ८ खुंट्या, ११२ ग्रॅम. सहाच नेल्या तर २८ ग्रॅम वाचतात, पण वारा सुटला तर तंबू वाचत नाही. हा पेच सोडवत असतानाच नागपूरकर मित्राचा फोन आला. काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं आणि मी खरं ते सांगून बसलो. क्षणभर गप्प राहून तो म्हणाला, "अबे, मी सोडून देतो ना तुला! पिट्सबर्ग चार तासांवर तर आहे. सायकल मागं बांधू."

गेल्या तीन महिन्यांत मला पिट्सबर्गला सोडायला निघालेला हा सातवा माणूस.

आपल्याकडे माया दोनच वाक्यांत दाखवतात. एक, 'जेवून जा' आणि दुसरं, 'मी सोडतो ना'. पहिल्यातून सुटता येतं, 'आत्ताच जेवलो' अशी थाप मारता येते. दुसऱ्यातून सुटका नाही. त्यात अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या या उपनगरात, 'मी आगगाडीनं जाईन, पुढे सायकलनं' असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कळवळा दाटून येतो. एका वहिनींनी तर माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांची नोकरी ठीक आहे ना?"

नोकरी ठीक आहे. दारात गाडीही आहे. पण माझ्या घराच्या दारातून निघून पुन्हा त्याच दारात यायचं आणि मधे कुठेही मोटारीत बसायचं नाही, असं एकदा मनानं घेतलं. का घेतलं, ते मला नीटसं सांगता येत नाही. पन्नाशीनंतर माणसं विपश्यनेला जातात, कुणी गाणं शिकतं. माझं हे.

बेत कागदावर फार देखणा दिसतो. बेथेस्डाच्या घरून मेट्रोच्या लाल मार्गानं थेट युनियन स्टेशन. तिथून दुपारची शिकागोकडे जाणारी गाडी, जी मध्यरात्रीच्या आगेमागे पिट्सबर्गला उतरवते. मग सायकल. पिट्सबर्ग ते कंबरलंड ही ग्रेट ॲलिगेनी पॅसेज नावाची वाट, १५० मैलांची, जुन्या रेल्वेमार्गांवरून गेलेली. कंबरलंडला ती संपते तिथेच चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठची वाट सुरू होते. पूर्वी खेचरं या वाटेनं चालत कालव्यातल्या नावा ओढायची. ती १८४.५ मैल पोटोमॅक नदीच्या कडेकडेनं येते आणि वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमध्ये सोडते. तिथून बेथेस्डापर्यंत आणखी एक मेलेला रेल्वेमार्ग आहे. १९८५पर्यंत त्यावरून जॉर्जटाउनला कोळसा जायचा, आता सायकली जातात. तो चढलो की माझं घर. सगळं मिळून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, नऊ दिवस, आणि नवऱ्याला आणायला बायकोनं कुठे यायला नको. या शेवटच्या कलमावर बायकोनं ताबडतोब संमती दिली.

आता पन्नाशीच्या गुडघ्यांना डोंगर कसा ओलांडता येणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्या हाडांच्या डॉक्टरांच्या मनात तो आधी आला. त्याचं उत्तर इंजिनात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्याला पकड ती कितीशी! शंभर फूट गेल्यावर दीड-दोन फुटांचा चढ आला तरी मालगाडीच्या इंजिनाला धाप लागते. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना १ फूट चढ ठेवला होता, तर १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा तो जगात नावाजला गेला. त्यामुळे रेल्वेवाल्यांनी डोंगर कधी सरळ अंगावर घेतला नाही. वळसे घातले, दऱ्यांवर पूल टाकले, अगदीच इलाज खुंटला तेव्हा बोगदा खणला. जुन्या इंजिनांचे गुडघे आणि माझे गुडघे एकाच प्रतीचे, म्हणून त्यांची वाट मला पुरते. पिट्सबर्गकडून निघालं तर सव्वाशे मैल चढ आहे की नाही हे कळतसुद्धा नाही. मग २,३९२ फुटांवर खंडाचा पूर्वेकडचा जलविभाजक येतो. इकडचं पाणी मेक्सिकोच्या आखाताला, तिकडचं अटलांटिककडे. पुढे कंबरलंडपर्यंत २४ मैल निव्वळ उतार. त्या २४ मैलांचा विचार मी ऑफिसच्या बैठकांमध्ये करतो.

अशा वाटा टिकल्या कशा, तेही मजेदार आहे. रेल्वे बंद पडली की जमिनीचे तुकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचे आणि सलग पट्टा कायमचा मोडायचा. म्हणून १९८३मध्ये अमेरिकेनं कायद्यात सोय केली, की पुढेमागे रेल्वे परत आणायची झाली तर पट्टा शाबूत असावा आणि तोवर तिथे लोकांनी चालावं, सायकली चालवाव्यात. मला हे वाचताक्षणी स्वारगेट आठवलं. एसटी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण! कायद्याच्या भाषेत त्याला काहीही म्हणोत, आगगाडीच्या जागेवर सरकारनं टाकलेला हा रुमाल आहे आणि मी तशा वाटेवरून सायकल नेणार आहे. विदर्भातली शकुंतला आगगाडी बंद पडली तेव्हा तिथल्या लोकांनी सायकलची वाट मागितली नाही, गाडीच परत मागितली. ते बरोबरच आहे. ज्याच्या दारात दुसरं वाहन नाही त्याला रुमाल घेऊन काय करायचाय?

कालव्याची कथा मात्र जरा करुण आहे. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कालव्याचं पहिलं फावडं मारायला घेतलं, तर ते मुळावर आपटलं. त्यांनी कोट काढून ठेवला आणि पुन्हा नेट लावला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेचं भूमिपूजन चाललं होतं. रेल्वे १८४२मध्ये कंबरलंडला पोचली. कालवा रखडत रखडत १८५०मध्ये. म्हणजे नवरदेव मांडवात आला तेव्हा नवरीला मुलं झाली होती. तरी बिचारा १९२४च्या पुरापर्यंत कसाबसा चालला. वाटेत पॉ पॉ नावाचा एक बोगदा आहे, ३,११८ फुटांचा. नदीची वळणं टाळण्यासाठी १८३६मध्ये खणायला घेतला आणि दोन वर्षांत होईल म्हणाले. चौदा लागली. माझ्या बेताला तीन महिने झाले म्हणून घरात टोमणे पडतात तेव्हा मी पॉ पॉचं नाव घेतो.

आगगाडीत सायकल नेणं इथे सोपं आहे. जागा आधी राखायची, मोजक्याच असतात, पिशव्या काढून घ्यायच्या आणि आपली सायकल आपणच डब्यापर्यंत न्यायची. हे कळलं तेव्हा मला वडील आठवले. त्यांची बदली मिरजेला झाली होती आणि पुण्याहून त्यांनी सायकल ब्रेकव्हॅनमधून नेली. पार्सल ऑफिसात सायकलला गोणपाट गुंडाळलं, हँडलला 'पुणे–मिरज' लिहिलेला पुठ्ठा सुतळीनं बांधला. पंप आणि घंटी मात्र काढून स्वतःजवळ ठेवली, कारण त्या दोन वस्तू मुक्कामाला पोचत नाहीत असा त्यांचा अनुभव. घंटी विजारीच्या खिशात. मी सहा वर्षांचा, खिडकीशी. प्रत्येक स्टेशनावर, सायकल चुकून इथेच उतरवत तर नाहीत ना हे बघायला वडील उठायचे आणि उठताना खिशातून 'ठिंग' व्हायचं. जेजुरीला ठिंग. नीरेला ठिंग. साताऱ्यानंतर समोरच्या बाकावरच्या आजोबांनी पाय न सांगता आपणहून आवरून घ्यायला सुरुवात केली. मिरजेला उतरल्यावर सामान टांग्यात, आई आणि मी टांग्यात, आणि वडील मागून सायकलवर. त्यांना कुणी 'मी सोडतो ना' म्हटल्याचं मला आठवत नाही.

परवा रंगीत तालीम केली. पिशव्यांत तंबूऐवजी वजनाला दहा किलोंची बासमतीची गोणी आणि बटाटे भरले आणि मेट्रोवर गेलो. सायकलला सरकता जिना बंद, लिफ्टनंच जायचं. लिफ्टमध्ये सायकल, मी, गोणी आणि एक वयस्कर बाई. त्यांनी प्रेमानं गोणीकडे बघत विचारलं, की हे कुणाकडे पोचवायचंय. 'कुणाकडेच नाही, परत घरीच न्यायचंय' असं मी म्हणालो आणि पुढचा मजला येईपर्यंत दोघंही दाराकडे बघत राहिलो.

खरा घोळ तारखेचा. वाटेवर बिग सॅव्हेज नावाचा बोगदा आहे, तो हिवाळाभर दारं लावून बंद ठेवतात. एप्रिलमध्ये उघडतो. कालव्याच्या काठी पाच-सात मैलांवर तंबूला फुकट जागा आहेत आणि तिथे हापसे आहेत, पण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हापशांचे दांडे काढून नेतात. म्हणजे उरले सात महिने. स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं आहे, त्याच्यापुढे उभा राहून मी ते सात महिने बघितले. मेमध्ये पुण्याहून पाहुणे. जून-जुलैत नदीकाठचे डास, शिवाय उकाडा. ऑगस्ट म्हणजे श्रावण, घरात मंगळागौर, आणि बायको मराठी मंडळाच्या खेळांत पिंगा घालणार. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात नवरात्र, भोंडला, दसरा. नोव्हेंबरात दिवाळी, मंडळाचं नाटक, त्यात मला हवालदाराचं काम. इतक्या मोठ्या अमेरिकेत मराठी माणसाला नऊ सलग दिवस मोकळे मिळेनात!

तेवढ्यात बोट खाली सरकलं. गणपती गेल्यानंतर आणि घट बसायच्या आधी, एक आख्खा पंधरवडा कोरा. ना लग्न, ना मुंज, ना वास्तुशांत, ना मंडळाची सभा. पितृपक्ष! यंदा अधिक महिन्यानं सगळंच पुढे ढकललेलं, त्यामुळे तो सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. हवा गार, डास आटोपलेले, झाडांना रंग चढायला लागलेला. बोगदा उघडा, हापशांना दांडे. मी तिथल्या तिथे तिकीट काढलं. सायकलची एक जागा शिल्लक होती.

बायको म्हणाली, "पितृपक्षात नव्या कामाला हात घालू नये म्हणतात."

"नवं कुठाय? बंद पडलेल्या रेल्वेवरून बंद पडलेल्या कालव्याकडे जातोय."

यावर ती हसली, पण वजनकाट्यापाशी येऊन उभी राहिली. तिथे माझं हलक्या सामानाचं राज्य चाललेलं. टायटॅनियमचा चमचा, १७ ग्रॅम. दातांच्या ब्रशची निम्मी कापलेली दांडी. तिनं शांतपणे मेतकुटाची बरणी काट्यावर ठेवली, शेजारी थालिपीठाची भाजणी, लसणाची चटणी, तुपाची छोटी बाटली. ९४० ग्रॅम. मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "आता तू स्वतः उभा राहा त्याच्यावर. कुठून कमी करायचं ते दिसेल." काटा पाच किलोंपर्यंतचाच आहे, म्हणून वाचलो.

रविवारी आईला फोन केला. ती पुण्यात असते, ब्याऐंशीची आहे आणि माझ्या बेताची बातमी तिला तीन ठिकाणांहून आधीच पोचली होती. सायकलचं तिला काही वाटलं नाही. तिला भलतंच खटकलं होतं.

"अरे, दशमीला यांची तिथी. तू त्या दिवशी कुठे असशील?"

मी नकाशा उघडला. पहिला मुक्काम वेस्ट न्यूटनच्या पुढे, दुसरा कॉनेल्सव्हिल, आणि दशमी उजाडते ती तिसऱ्या मुक्कामी. गावाचं नाव वाचून मी जरा थांबलो. कॉन्फ्लुअन्स. यॉकिओगेनी आणि कॅसलमन या दोन नद्या आणि लॉरेल हिल नावाचा ओढा, असे तीन प्रवाह तिथे एकत्र येतात म्हणून गावाचं नावच ते.

"आई, त्या गावाचं नाव संगम आहे. तीन नद्यांचा."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "बघ. घाटावर बसल्यासारखंच झालं. पान ठेव सकाळी. कावळे आहेत ना तिकडे?"

"कावळे आहेत. अस्वलंही आहेत. अन्न उघड्यावर ठेवायचं नाही असा तिथे नियम आहे. रात्री पिशवीत घालून झाडाला टांगायचं."

"मग रात्री कशाला ठेवतोस? सकाळी ठेव. तू शेजारी उभा राहा, कावळा शिवला की उचल." अस्वलाचा प्रश्न तिच्या दृष्टीनं मिटला होता. "आणि भात शिजवलेला ठेव हं. ते पाण्यात टाकून फुगवतात ते पाकिटातलं नको. यांना चालायचं नाही."

फोन ठेवला आणि तांदळाच्या डब्यातून एक वाटी काट्यावर घेतली. १८० ग्रॅम. त्यात थोडे आणखी टाकले. मग दोन खुंट्या बाजूला काढल्या.