विनाकारण चढणाऱ्याची कैफियत

ज्या मुलखात डोंगर आहेत तेथे ते चढणारी माणसे असणारच. परंतु आपल्या महाराष्ट्रात डोंगर चढणाऱ्याने एखादे सबळ कारणही आपल्याबरोबर वर न्यावे, अशी समाजाची अपेक्षा असते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट पायी तुडवणाऱ्या वारकऱ्याला दिवे घाटाच्या चढणीवर गाठून, 'बुवा, एस्टी असताना हे पायांचे हाल कशासाठी?' असे विचारण्याचे धाडस कोणी करत नाही. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरली म्हणजे मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून अवजड कावडी हातोहात वर नेल्या जातात, आणि ते दृश्य पाहणाऱ्यांच्या मुखातून प्रश्नाऐवजी महादेवाचा गजर निघतो. देव, नवस आणि मजुरी या तीन सदरांपैकी एकाखाली नोंद झाली की चढणारा मोकळा होतो. परंतु पंचेचाळिशी उलटलेला, नोकरीत कायम असलेला, घरी चारचाकी बाळगणारा एक गृहस्थ डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगाला घट्ट चिकटणारे रंगीबेरंगी कपडे घालून पुण्याहून महाबळेश्वरपर्यंतचे सुमारे १२० किलोमीटर सायकलीवरून एकटाच कशासाठी जातो, हे कोणत्या सदराखाली लिहावे ते कोणालाच उमगत नाही; आणि म्हणून वाटेत जो तो त्याचा जबाब घेतो.

एकट्याने केलेल्या दीर्घ सायकलप्रवासाचे गोडवे गाणारे लोक एकांत, आत्मसंवाद, अंतर्मुखता इत्यादी शब्दांची मुक्तहस्ते उधळण करतात. अंतर्मुख होण्यास वेळ पुष्कळ मिळतो, हे खरेच. पण त्यातील बराचसा उत्तरे देण्यात खर्ची पडतो, कारण मोटारीच्या काचेआड बसलेल्याला जे संरक्षण असते ते ताशी सात-आठ किलोमीटर वेगाने घाट चढणाऱ्याला नसते, आणि त्याच्या बरोबरीने धावत एखादे शाळकरी पोरही त्याची उलटतपासणी करू शकते. माझ्या बाबतीत तर आरंभ घराच्या फाटकापासूनच झाला. पहाटेच्या काळोखात फाटक उघडताना आमच्या रखवालदाराने विचारले, 'साहेब, गाडी बंद पडली काय?' आणि त्या प्रश्नातील सहानुभूती इतकी निर्भेळ होती, की 'होय' म्हणून पुढे निघणेच मला सभ्यपणाचे वाटले.

कात्रजचा जुना घाट उजाडता उजाडता पार पडला, आणि बोगद्यापलीकडचा उतार शरीराला भलत्याच आशा दाखवून गेला. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर मोटारींपासून अनेक आसांच्या मालवाहू वाहनांपर्यंत प्रत्येकाचा दर सांगणारा भला मोठा फलक असतो. सायकलीला त्यात स्थान नाही. सरकारदरबारी आपण इतके नगण्य आहोत की आपल्याकडून वसूल करण्यासारखे काहीच नाही, ही जाणीव प्रथम जराशी बोचते, आणि शेजारी तिष्ठणाऱ्या मोटारींची रांग पाहून लगोलग सुखावतेही. तेथील एका तरुणाने तरीही मला हात केलाच. 'कंपनीनं पाठवलंय का, सर?' होकार मिळाला असता तर त्याचे समाधान झाले असते, कारण ज्याला भत्ता मिळतो त्याच्या शहाणपणाविषयी आपल्याकडे शंका घेतली जात नाही.

शिरवळला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो, आणि माझ्यापुरता प्रश्नांचा रोखही हेतूवरून किमतीवर आला. मोटारसायकलीवरची दोन पोरे बराच वेळ बरोबरीने चालली होती. 'काका, केवढ्याला बसली?' सायकलीची खरी किंमत मी घरी सांगितलेली नसल्यामुळे ती बाहेर कोठेही सांगणे गैर ठरेल, या विचाराने सर्वत्र निम्मीच किंमत सांगण्याचा माझा शिरस्ता आहे. ती ऐकूनही मागचा पोरगा उद्गारला, 'एवढ्यात जुनी बुलेट आली असती की!' पुढे खंडाळ्याला उसाचा रस पिण्यासाठी थांबलो, तेव्हा चरक फिरवणाऱ्या गृहस्थांनी तीच रक्कम ऐकून क्षणभर डोळे मिटले आणि शांतपणे सांगितले, 'गाभण म्हस आली असती.' प्रत्येक मनुष्य परक्याच्या चैनीचे आपल्या अपुऱ्या इच्छेच्या नाण्यात रूपांतर करून पाहतो, आणि तो विनिमयाचा दर ऐकणाऱ्याला कधीच लाभदायक नसतो, हे अर्थशास्त्र मी त्या चरकाशेजारी शिकलो.

खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्यावरून आत वळलो, तेव्हा निदान वाई तरी या दृष्टीने निर्धोक ठरावी, असा माझा होरा होता. या गावात मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या प्रकांड पंडिताच्या देखरेखीखाली जेथे जगातील सर्व विषय वर्णानुक्रमे लावण्याचे काम झाले, तेथील जिज्ञासेचे एव्हाना शमन झालेले असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु गावापासून जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. ज्या उपाहारगृहात मी मिसळ मागवली तेथील मालकांनी गल्ल्यावर बसल्या बसल्याच माझा जमाखर्च मांडला. पुण्याहून किती वाजता निघालात, एस्टीने किती वेळ लागला असता, तिकीट किती पडले असते, आणि येथवर खाण्यावर किती गेले, अशी एकेक बाब माझ्या मुखातून वदवून घेऊन त्यांनी निकाल दिला, 'म्हणजे तिकिटापेक्षा नाष्ट्यालाच जास्त गेले.' मग, आरोपीला अखेरची संधी द्यावी तशा स्वरात त्यांनी विचारले, 'वर दर्शनाला का?' मी म्हणालो, 'नाही, सहज.' या उत्तरानंतर त्यांनी माझे बिल जरा लगबगीनेच केले.

वाईची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर आणि पाचगणीची सुमारे १,३००. मधला पसरणी घाट हे अंतर जेमतेम बारा किलोमीटरांत कापतो. सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य प्रतिपक्ष वारा असतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. घाटात वेगच शिल्लक नसल्यामुळे वारा गैरहजर राहतो, आणि खटला केवळ आपले वजन व पृथ्वीचे आकर्षण यांच्यात चालतो. त्याचा निकाल अगोदरच लागलेला असून आपण फक्त अंमलबजावणी लांबवीत असतो. सायकलीसह नव्वद किलोंचा ऐवज सहाशे मीटर वर चढवण्यास लागणाऱ्या शक्तीचा हिशेब काढला, तर मात्र फार मोठा अपेक्षाभंग होतो. आपले स्नायू अन्नातील शक्तीपैकी साधारण चतुर्थांशच कामी लावतात, म्हणजे रुपयातले चार आणे रस्त्याच्या खाती जमा होऊन बारा आणे उष्णतेच्या नावे खर्ची पडतात. ही सारी उधळपट्टी धरूनही एकूण मागणी सुमारे पाचशे उष्मांकांची, म्हणजे ढोबळमानाने दोन वडापावांची निघते. ज्या चढाने मला संसाराची असारता पटवून मृत्युपत्राचा मसुदा मनात तयार करावयास लावला, त्याची बाजारातली किंमत दोन वडापाव असावी, हा सृष्टीचा औचित्यभंग आहे.

१९०३ साली टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याची सोय पौरुषाला न शोभणारी वाटे. असल्या सवलती पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक आहेत, असे त्यांचे मत होते, आणि आधुनिक पद्धतीच्या गिअरांना त्या शर्यतीत १९३७ साली कोठे मोकळीक मिळाली. सर्वांत हलका गिअर टाकताना माझ्या मनात त्यांच्याविषयी कृतज्ञताच दाटून येते, कारण त्यांनी घातलेली वयाची अट मी निर्विवादपणे पूर्ण करतो. या गिअरमध्ये पायडल एकदा फिरवले की चाकही जवळजवळ एकदाच फिरते आणि सायकल दोन मीटरांच्या किंचित पुढे सरकते. म्हणजे हा घाट चढण्यासाठी तीच क्रिया पाच हजारांहून अधिक वेळा करावी लागते, आणि एवढ्या आवर्तनांनंतर कोणत्याही मंत्राची सिद्धी व्हावयास हरकत नसावी.

घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. त्यांचा पहाडी आवाज या डोंगरांच्या सान्निध्यात घडला असेल. माझ्यापाशी मात्र, धोम धरणाचे पाणी खाली लखलखू लागेपर्यंत, पोवाड्याचा एक चरण म्हणण्याइतकाही श्वास उरला नव्हता. अशा अवस्थेत एका वळणावर चहा आणि भाजलेली कणसे विकणाऱ्या मावशींच्या छपराशी मी सायकल टेकवली.

'कुठनं आलासा?'

'पुण्याहून.'

'ह्याच्यावर? एकलंच?' त्यांनी सायकलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, आणि आवाज उतरवून विचारले, 'घरात काय भांडणबिंडण न्हाई न्हवं झालं?'

सत्य सांगण्यास लांब वाक्य लागते. व्यायाम, निसर्ग, स्वतःच्या मर्यादांची ओळख अशा पोटवाक्यांची रांग लावल्यावाचून ते पुरे होत नाही, आणि तेवढा दम माझ्यात शिल्लक नव्हता.

'नवस आहे, मावशी,' मी म्हणालो, 'महाबळेश्वराचा.'

'मग तसं सांगा की!'

पाहता पाहता स्टूल पुसले गेले, माठातले गार पाणी आले, चहात आले अंमळ सढळ हाताने पडले. त्या दिवशी प्रथमच माझी नोंद योग्य सदराखाली झाली होती. नवस कशाचा, अशी पृच्छा ओघानेच आली, आणि मी उत्तरलो, 'गुडघ्यांचा. बरे झाले तर सायकलीवरून दर्शनाला येईन, असा.' हे मला कसे सुचले ते सांगता येत नाही; बहुधा गुडघ्यांनीच परस्पर सुचवले असावे.

मावशींचा चेहरा एकदम गंभीर झाला. 'आमच्या मालकांचं बी गुडघं धरल्यात. घाट उतरणं बंद झालंय त्येंचं.' त्यांनी पत्र्याच्या डब्यातून अकरा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. 'त्येंच्या नावानं बेल वाहा.' चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. 'नवसाच्या माणसाकडनं कुठं घेत्यात व्हय?'

वास्तविक, पाचगणी येताच सायकल एखाद्या टेम्पोत चढवून उरलेला प्रवास बसल्या जागी उरकावा, असा ठराव मी खंबाटकीतच एकमताने मंजूर केला होता. त्या अकरा रुपयांनी तो रद्दबातल झाला. हौसेखातर निघालेला मनुष्य हौस फिटली म्हणून कोठेही थांबू शकतो. दुसऱ्याच्या गुडघ्यांचे वकीलपत्र घेतलेल्यास ती मुभा नसते. सकाळपासून लोक माझ्याकडे जे कारण मागत होते ते आता खरोखरीच माझ्या खिशात होते, आणि त्याचे वजन कोणत्याही गिअरने हलके होत नव्हते. पाचगणीपासून महाबळेश्वरपर्यंतचे सुमारे वीस किलोमीटर ज्याने ज्याने विचारले त्याला मी 'नवस' एवढाच जबाब दिला. बाजारात एका हवालदाराने मोटारी थोपवून मला वाट करून दिली, आणि स्ट्रॉबेरी विकणाऱ्या एका आजींनी ओंजळभर फळे देऊन वर नमस्कारही केला.

महाबळेश्वरच्या बाजारापासून क्षेत्र महाबळेश्वर आणखी काही किलोमीटर पुढे आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम जेथे मानला जातो, त्या ठिकाणी मी दिवेलागणीच्या सुमारास पोचलो, आणि बेल पुढे करताच गुरुजींनी विचारले, 'कोणाच्या नावाने?' मावशींनी रिवाजाप्रमाणे नवऱ्याचे नाव उच्चारलेच नव्हते.

'मालक,' मी म्हणालो.

'गोत्र?'

'पसरणी घाट.'

गुरुजींनी माझ्या कपड्यांकडे एकवार पाहिले, अधिक चौकशी निष्फळ आहे हे ओळखले, आणि संकल्प सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरताना मी त्या वळणावर ब्रेक दाबले. मालक छपराबाहेर काठी टेकून उभे होते. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना कालपासून उतार होता, आणि त्याचे श्रेय घेण्याइतका मी निर्लज्ज नसलो तरी नाकारण्याइतका निःस्पृहही नव्हतो. मालकांनी सायकलीभोवती एक सावकाश फेरी मारली, चाक दोन बोटांनी दाबून पाहिले आणि विचारले, 'केवढ्याला पडली?'

मी शिरस्त्याप्रमाणे निम्मी किंमत सांगितली.

'म्हंजी माझा एक गुडघा झाला असता की ह्येच्यात,' ते म्हणाले.

खरी किंमत सांगितली असती तर दोन्ही झाले असते. बुलेटला आणि म्हशीला मी वेळ मारून नेणारे काही ना काही उत्तर दिले होते. येथे नवससुद्धा उपयोगाचा नव्हता. मी मुकाट्याने चहा संपवून पैसे पुढे केले. मावशींनी ते मोजून घेतले आणि डब्यात टाकले. नवस फिटला होता, आणि आता मी साधे गिऱ्हाईक होतो.