वसुलीचा चकचकाट

मराठी मध्यमवर्गीय घरात शिरलेली प्रत्येक महाग वस्तू पहिल्या दिवसापासून देणेकरी असते. महागातला मिक्सर आला की महिनाभर ताटात चार-चार चटण्या. ओव्हन आला की रविवारी सकाळी पोह्यांऐवजी केक. किंमत जितकी जास्त तितकी वसुली कडक, आणि वसुली पूर्ण झाल्याचं जाहीर करण्याचा अधिकार घरात कुणालाच नसतो. एरवी या वृत्तीने फारसं बिघडत नाही. चटणी उरली तर शेजारी देता येते, केक बसला तर त्याचं नाव बदलून वाढता येतं. पण गाडीच्या रंगावर फिरवायचं विजेचं पॉलिशर ही वस्तू निराळी. ते जितकं वापरावं तितका गाडीवरचा थर पातळ होत जातो. पैसे मशीनला मोजलेले असतात आणि वसुली गाडीकडून होते. म्हणून माझं म्हणणं असं की पॉलिशर घ्यायचंच असेल तर जुनं, दुसऱ्याने वापरलेलं घ्यावं. त्यात पैसे वाचतात हे आहेच, पण मुख्य म्हणजे गाडी वाचते.

हे भंडारा जिल्ह्यात बोलणं जरा धाडसाचं आहे. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. घासलं की वस्तू उजळते, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. तो खोटा नाही. पितळेचा गुंड बाहेरून आतपर्यंत पितळच असतो. चिंच लावा, राख लावा, बफवर धरा. वरचा थर गेला तरी खालून पितळच निघतं, आणि आजेसासूचा गुंड नातसूनही निर्धास्तपणे घासू शकते. गाडीचं तसं नाही. तिच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक दिसते ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा ते विसावा भाग. डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड भरतो, आणि तो किती टिकतो हे आरसा रोज सांगतोच. पॉलिशर गाडीला चमक लावत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर ते ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवतं आणि पृष्ठभाग सपाट करतं. सपाट पृष्ठभागावरून उजेड न विखुरता परततो, त्यालाच आपण चकाकी म्हणतो. दणकून रबिंग केलं तर दोन-चार मायक्रॉन सहज जातात. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरी केलेल्या माणसाला हे चटकन कळेल : क्लिअर कोट हा असा प्रॉव्हिडंट फंड आहे, ज्यात गाडीच्या कारखान्याने एकदाच भरणा केला आणि पुढे नुसती उचल चालू आहे. दर महिन्याला तीन मायक्रॉन उचलले तर वर्षाला छत्तीस होतात. उरलेलं काम विदर्भातलं ऊन फुकटात करून देतं, कारण अतिनील किरण अडवणारा थर तोच असतो. मग टपावर पांढरे चट्टे उठतात, आणि तिथे नवा रंग मारण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही.

महागड्या मशीनचा मालक खरंच जास्त घासतो का, की ही नुसती थट्टा? याला पुरावा आहे, आणि तो चक्क नाटकाच्या तिकीटखिडकीवरचा आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची संपूर्ण हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना ती पूर्ण किमतीला, म्हणजे १५ डॉलरला दिली. काहींना कसलाही निकष न लावता सवलतीत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेली मंडळी जास्त नाटकांना हजर राहिली. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक ओसरला. कुणी म्हणेल, मग वसुलीचा ज्वर आपोआप उतरतो की! उतरतो, पण सहा महिन्यांनी. नाटकाच्या बाबतीत सहा महिन्यांत फार तर काही संध्याकाळी वाया जातील, आणि मराठी प्रेक्षकाला त्याचा सराव आहे. वरच्या हिशोबाने पॉलिशरचे सहा महिने म्हणजे अठरा मायक्रॉन. त्यातून मालक शहाणा असेल तर स्वतःची गाडी पुरे झाली म्हणून मेहुण्याच्या गाडीकडे वळतो, म्हणजे एका मशीनच्या वसुलीत दोन घरं भरडली जातात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘जुनं काहून घेता भाऊ, नव्याला वॉरंटी असते.’ असते, पण ती मशीनची. पॅडखाली जे येईल त्याची वॉरंटी जगातली कुठलीही कंपनी देत नाही, आणि बिघडण्याजोगी महाग वस्तू नेमकी पॅडखालीच असते. शिवाय हे यंत्र पोटातून फार साधं आहे. मोटर, एक-दोन गिअर, काही बेअरिंग आणि वेग कमी-जास्त करणारी चकती, इतकाच संसार. त्यात झिजतात ते मोटरचे कार्बन, आणि ते झिजावेत म्हणूनच बसवलेले असतात. मोटर वायंडिंगवाल्याकडे थोडक्या पैशांत बदलून मिळतात. म्हणून जुनं पॉलिशर बघताना वरचं प्लॅस्टिक किती चकचकीत आहे ते पाहू नये. ते पुसणं विक्रेत्यालाही जमतं. मशीन सगळ्यांत कमी वेगावर चालू करावं आणि कान द्यावा : खरखर आली तर बेअरिंग, कण्हणं आलं तर गिअर. बंद करून स्पिंडल हाताने हलवून बघावी. ती लटपटत असेल तर पॅड गाडीवर सरळ फिरणार नाही. वायर मशीनमध्ये शिरते त्या मानेपाशी वाकवून चालू-बंद होतं का ते पाहावं. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या चालतात. पण गोल रिंगणभर आग फिरताना दिसली तर आर्मेचर गेलं, तिथे घासाघीस न करता नमस्कार करावा. जवाहरनगर तर स्फोटकांच्या कारखान्याभोवतीच वसलं, तिथे ठिणगीकडे गांभीर्याने पाहा हे वेगळं सांगायला नको.

अशी खरेदी करायला जवाहरनगर वाईट जागा नाही. सरकारी वसाहतीत निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, आणि क्वार्टर रिकामं करणारा माणूस माळ्यावरच्या वस्तूंबद्दल एकदम विरक्त होतो. एरवी जो भाव ऐकून आपण नाराज झालो असतो, त्याच्या निम्म्यात तो वर एक्स्टेंशन बोर्डही देतो. एकच अट पाळावी : मशीन जुनं चालेल, पॅड नवंच हवं. जुन्या पॅडमध्ये आधीच्या मालकाचं वाळलेलं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, आणि त्याच्या अंगणातली वाळू असते, आणि ती आपल्या बॉनेटवर मनसोक्त फिरते. पॅड जिला चिकटतं त्या बॅकिंग प्लेटचं वेल्क्रो झिजलं असेल तर तीही बदलावी, नाहीतर पॅड गाडी सोडून अंगण गाठतं.

दुसरा आक्षेप पक्क्या काटकसरी माणसाचा : घरात ग्राइंडर पडून आहे, त्यालाच पॅड लावलं तर जुन्या मशीनचेही पैसे वाचतील. इथे थोडं गणित करू. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावर पाच इंची पॅड बसवलं तर पॅडची कड तासाला जवळपास २६० किलोमीटर वेगाने धावते. जी गाडी नागपूर-भंडारा हमरस्त्यावर कधी ऐंशीच्या वर गेली नाही, तिच्या टपावर हा वेग सोडायचा! पॉलिशर १,५०० फेऱ्यांवर चालवलं तर तीच कड तासाला ३६ किलोमीटरवर राहते, म्हणजे वसाहतीतल्या स्कूटरइतकी. त्यातही नवख्याने सरळ गरगर फिरणारं रोटरी न घेता, फिरता फिरता डोलणारं ड्युअल ॲक्शन घ्यावं. जास्त दाबलं की त्याचं पॅड फिरायचंच थांबतं. मालकाच्या उत्साहाला असा नम्र नकार देणारं यंत्र विरळाच. तिसरी वाट म्हणजे अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवणं. तिथला दाब १२० व्होल्ट, आपला २३०. आपल्या सॉकेटमध्ये ते मशीन घातलं तर पहिली चमक मोटरच्या आतच पडेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिथल्या बऱ्याच मशीनांची स्पिंडल पाच अष्टमांश इंची, आणि इथे मिळणाऱ्या प्लेटी बहुधा चौदा मिलिमीटरच्या. भाचा भला, पण आटे जुळत नाहीत.

मशीन आलं, आता ते चालवायचं. इथे उन्हाळा मध्ये येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना उन्हातल्या बॉनेटवर कंपाउंड पसरायच्या आधीच वाळतं. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागेल इतका थंड, आणि वेळ भल्या सकाळची. आधी भरपूर पाण्याने धुवायचं, कडांना आणि रबराला मास्किंग टेप लावायची, कारण कडेवर क्लिअर कोट सगळ्यांत पातळ असतो. पॅड पत्र्यावर टेकवून मगच मशीन चालू करायचं. हवेत चालू केलं तर कंपाउंड आधी शर्टाला लागतं. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, उभे-आडवे हात फिरवायचे, पुसायचं आणि बघायचं. यातला ‘बघायचं’ हा भाग वसुलीवाल्याला जमत नाही. उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं दिसतात, तिथले ओरखडे बहुतेक वेळा गोल नसतातच. ते हव्या त्या दिशेला गेलेले असतात. त्यांतले उजेडाला आडवे तेवढे चमकतात, म्हणून सूर्याभोवती वर्तुळ भासतं. आणि ते पडतात कशाने? रोज सकाळी धूळभरल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवण्याने. म्हणजे निम्मा रोग फडकं टाकून दिल्याने बरा होतो, आणि त्याला वीज लागत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : इतकं कमी वापरायचं तर घ्यायचं कशाला? नागपूरला डिटेलिंगवाले आहेत, त्यांच्याकडून करून घ्यावं. जरूर घ्यावं. चांगला कारागीर थराची जाडी मोजणारं मीटर लावून मग हात घालतो, आणि तसा सापडला तर या लेखाची गरज नाही. पण दुकानात वसुलीची दिशा नुसती उलटते. हजारो रुपये मोजलेल्या गिऱ्हाइकाला गाडी आरशासारखी हवी असते. ‘हा एक ओरखडा खोल आहे, राहू द्या’ असं म्हणणारा कारागीर त्याला कामचुकार वाटतो. त्यामुळे ओरखडा जातो आणि सोबत फंडही जातो. स्वतःच्या हातात मशीन असलेला माणूस असा ओरखडा सोडून देऊ शकतो, फक्त त्या मशीनचं त्याच्यावर ओझं नसलं पाहिजे. जुन्या मशीनच्या किमतीतली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. आपण ते पुढेमागे विकलं तर थोडंच नुकसान सोसावं लागतं. ते दोन वर्षं माळ्यावर पडून राहिलं तरी कुणी टोमणा मारत नाही. नव्या मशीनच्या वाट्याला ही शांतता येत नाही.

जुन्या पॉलिशरच्या प्रत्येक जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं : ‘फक्त दोनदा वापरलंय.’ वाचणारा हसतो आणि भाव पाडून मागतो. पण जो मालक आपलं मशीन विकताना हेच वाक्य खरंखरं लिहू शकेल, त्याला पॉलिशर वापरता आलं असं समजावं. गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही, भावही मिळणार नाही. मिळालेला भाव आणि दिलेली किंमत यांतला फरक त्याने गाडीच्या खाती जमा धरावा. मायक्रॉनच्या हिशोबात तो सौदा फायद्याचाच निघतो.