गुणवंत कोपऱ्यात

परळीत वैद्यनाथाच्या दर्शनरांगेइतकाच हमखास दिसतो तो अभिनंदनाचा फलक. गुणवत्ता यादीत आलेली मुलगी त्यावर असते, पण शोधावी लागते. वर नेते, मध्ये भावी नेते, खाली शुभेच्छुकांची फौज; ती कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी.

पदवी देते १९५८ साली स्थापन झालेले, १९९४ च्या नामविस्तारानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. श्रेय वाटतो चौक!

भावी नेत्यांचीही अडचण आहेच म्हणा. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने पुन्हा वाट मोकळी केली, ती कागदावर. मग मिशी फुटताच फलकावर चढायचे, एवढेच उरते.

निदान पुढच्या निकालाला मुलीचा फोटो मोठा छापा, आणि तिचे नाव तेवढे शुद्ध लिहा.