गच्चीवरच्या उन्हाबाबत हरकतदार मंडळींस

प्रति,
मा. सचिव व समस्त हरकतदार,
आमची सोसायटी, पुणे

स. न. वि. वि.

सामायिक गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवण्याचा माझा अर्ज सर्वसाधारण सभेने एकमताने फेटाळला, त्याबद्दल आधी अभिनंदन. पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या संध्याकाळी शेजारी-शेजारी बसून हात वर करत होती. एवढी एकी गणपतीच्या वर्गणीलाही दिसत नाही.

काकूंचा मुद्दा असा, की पॅनेलं ऊन खेचून घेतील आणि कुरडया वाळणार नाहीत. काकू, गच्चीला बारा महिने कुलूप असतं, किल्ली सचिवांच्या कपाटात. यंदाच्या कुरडयासुद्धा तुम्ही बाल्कनीत जुन्या धोतरावर घातल्या होत्या. पण आठवणीतल्या कुरडयांनाही ऊन लागतंच, मान्य.

बी विंगच्या साहेबांना किरणांची धास्ती आहे. त्यांच्या डोक्यावर मोबाईलचा टॉवर उभा आहे, पण त्याचं भाडं सोसायटीच्या खात्यात जमा होतं, त्यामुळे ते किरण सात्त्विक असावेत. समोरच्यांच्या डोळ्यांवर तिरीप येईल म्हणे. पॅनेलच्या काचेवर परावर्तन कमी करणारा लेप असतो. जो उजेड परत गेला त्याची वीज होत नाही, तेव्हा चकाकण्यात तोटा माझाच. गच्ची गळेल ही भीती मात्र मला कळलीच नाही. ती गळतेच आहे.

सगळ्यात वजनदार हरकत वास्तूची. पॅनेलं दक्षिणेला कललेली, आणि दक्षिण ही यमाची दिशा. काय करणार, वर्षातला बहुतेक काळ पुण्याच्या आकाशात भरदुपारी सूर्यच दक्षिणेला असतो. त्याला नोटीस धाडावी, अशी सूचना आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र तो दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. तेवढे अडीच महिने वास्तुदोष नाही, फक्त त्यातले निम्मे-अधिक दिवस ढगांत जातात.

सभा संपल्यावर जिन्यात मला हळूच विचारलं गेलं, ‘पण बिल खरंच शून्य येतं का हो?’ हरकतीच्या नोंदवहीत हा प्रश्न सापडला नाही.

जी हरकत घ्यायला हवी होती, ती कुणीच घेतली नाही. तीन किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते. फ्लॅट २४. सगळ्यांनी मागितलं तर ७,२०० चौरस फूट हवेत, आणि टाक्या, लिफ्टची खोली व त्यांच्या सावल्या वगळल्या तर आपल्याकडे त्याच्या पाव हिश्शाइतकीही जागा उरत नाही. मग मी पहिला आलो म्हणून ऊन माझं का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तुम्ही कुरडयांवर बोलत राहिलात.

म्हणून नवा अर्ज: सोलर सोसायटीच्या नावाने बसवू, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालवू. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान ठेवलेलं आहे. बचत झाली तर मेंटेनन्स कमी करा, नाहीतर गळती काढा.

विषय पुढच्या सभेत घ्यावा. कोरमची चिंता नको. नोटिशीत ‘हरकती नोंदवण्यासाठी’ एवढं छापा, सगळे वेळेवर येतील.

कळावे,
आपला,
हरकतीचा विषय