हिस्टोग्रामकाका

हिस्टोग्रामकाकांना "फोटो दाखवा ना" असं म्हणू नये. ते फोटो दाखवत नाहीत, फोटोची माहिती सांगतात. लेन्स कुठली, अ‍ॅपर्चर किती, शटर किती, आयएसओ किती, आभाळ होतं की ऊन आणि मूळ फाइल किती एमबीची. एवढं ऐकेपर्यंत पाहुण्याचे पोहे संपतात, चहा संपतो आणि पाहुणा निघतो. फोटो राहतो.

हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. काका क्लिक करतात आणि लगेच कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात डोकं घालतात. तिथे आपले चेहरे असतात, पण काका त्यांच्याकडे बघत नाहीत. कोपऱ्यात हिस्टोग्राम नावाचा एक आलेख उमटलेला असतो. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. आलेख उजव्या कडेला जाऊन आपटला की पांढऱ्या भागातला तपशील गेला असं समजायचं. एका गणेशचतुर्थीला ऐन आरतीत काका ओरडले, "गुरुजी, धोतर गेलं!" गुरुजींनी निरांजन यजमानांच्या हाती कोंबून दोन्ही हात कमरेला लावले. त्या क्षणाचा फोटो फार छान आला असणार, असं सगळ्यांचं मत आहे. पाहिला कुणीच नाही.

कोथरूड, डोंबिवली, नाशिक, फार कशाला, परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात असा एक गृहस्थ असतोच. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि जीव अडकलेला कॅमेऱ्यात आणि कोडमध्ये. आमचे काका सहकारी बँकेतून निवृत्त झाले. नव्वदच्या दशकात बँकेत संगणक आले तेव्हा बाकीच्यांनी त्यांना प्लास्टिकची कव्हरं शिवून घेतली आणि काकांनी फॉक्सप्रो शिकून घेतलं. फोटोंचं वेड त्याहून जुनं, वडिलांच्या आगफा क्लिक थ्रीपासूनचं. त्यात १२० चा रोल जायचा आणि १२ फोटो निघायचे. त्या बारांत एक बारसं, एक दिवाळी, महाबळेश्वरची सहल आणि नव्या स्कूटरला टेकलेली आत्या, एवढं सगळं मावायचं. ते फोटो काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे चिकटवून आजही जागच्या जागी आहेत. काकांच्या हार्ड डिस्कवर आता पाऊण लाख फोटो आहेत. अल्बम एकही नाही, कारण अल्बम लावणारा प्रोग्राम अजून पुरा व्हायचा आहे.

हा प्रोग्राम म्हणजे काकांचं जीवितकार्य. कुठल्याही फोटोत कोण आहे, कुठे आहे, कधीचा आहे, हे ओळखून त्याला योग्य नाव देऊन योग्य फोल्डरमध्ये ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तो आधी पर्ल या संगणकी भाषेत सुरू झाला. पायथन सोपी पडते म्हणून पायथनमध्ये आला. जरा आकाराला येतोय तोवर पायथन २ म्हातारी झाली. १ जानेवारी २०२० पासून तिची देखभालच बंद. मग सगळं पायथन ३ मध्ये. आता काका तो रस्टमध्ये लिहितायत, का तर वेगानं चालेल. घाटातली कारवी सात-आठ वर्षांनी का होईना, फुलते. काकांच्या प्रोग्रामच्या हयातीत ती दोनदा फुलून गेली.

एकदाच त्यांनी तो खऱ्या फोटोंवर चालवला. पुतण्याच्या मुंजीचे सगळे फोटो '१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच' या नावाच्या फोल्डरात जाऊन बसले. बटूचा जन्म २००९ चा. काकूंनी कपाळाला हात लावला, पण काका खूश. युनिक्सच्या जगात काळाची मोजणी १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री शून्य सेकंदापासून सुरू होते, ती मध्यरात्र ग्रिनिचची, म्हणून आपल्याकडे साडेपाच. फोटोची तारीख वाचता आली नाही की प्रोग्राम शून्य धरतो आणि सगळी शुभकार्यं त्याच पहाटे उरकतो. हे त्यांनी मुंजीला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला फोन करून समजावलं. ज्यांनी फोटो मागायला फोन केला होता, त्यांना तर दोनदा.

लिनक्सचं खूळही असंच. लिनक्सची एक आवृत्ती काढणारे उबुंटूवाले पूर्वी जगात कुठेही फुकट सीडी पोस्टानं पाठवायचे. २०११ साली त्यांनी ते बंद केलं. बंद होण्याआधी काकांनी गठ्ठाच मागवून ठेवला होता. सोसायटीत एकालाही ती सीडी घालून पाहायची इच्छा होईना, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी त्या वाण म्हणून लुटल्या. आज आमच्या विंगेतल्या बऱ्याच बाल्कन्यांत त्या दोऱ्याला लटकून कबुतरं हाकलतायत. न अडकता, न बंद पडता. काका म्हणतात, लिनक्स टिकाऊ आहे हे मी सांगतच होतो.

काकांबरोबर भिगवणला जाण्याचा योग ज्याच्या पत्रिकेत असतो त्यानं पहाटे तीनला उठायची तयारी ठेवावी. उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत फ्लेमिंगो येतात आणि त्यांच्यामागे तोफेएवढ्या लेन्स घेतलेले लोक येतात. तिथे माणसाची किंमत लेन्सच्या लांबीवर ठरते. सहाशे मिलिमीटरवाला तीनशेवाल्याला ओळख देत नाही. काका दोनशेवाले, पण ज्ञान हजाराचं. कुंभारगावला नावेत बसल्या बसल्या त्यांनी नावाड्याला सनी सिक्स्टीनचा नियम सांगायला घेतला. लख्ख उन्हात एफ १६ ठेवायचं, आणि आयएसओ शंभर असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. मीटर नसलं तरी अडत नाही. नावाडी वल्हं मारत ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, ते ठीकाय. पण शटर हजारच्या वर न्या, आता उडत्याल." काका हजारावर जाईपर्यंत थवा इंदापूरच्या बाजूला गेला होता. नावाड्याच्या खिशातल्या मोबाइलवर मात्र उडत्या थव्याची झकास चित्रफीत होती. ती त्यानं आम्हाला पाठवली. काकांनी ती पाहून आवाजाबद्दल, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणाबद्दल, नापसंती दाखवली.

जे थोडे पक्षी बसलेले मिळाले त्यांचं पुढे काय झालं, तर ते अजून गुलाबी व्हायचेत. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, शेवाळ आणि कोळंबीसारखे बारीक जीव खातो, त्यांतल्या रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतो. भिगवणला येणारा मोठा रोहित तसा फिकाच, नजरेला जवळजवळ पांढरा. रॉ, म्हणजे कच्च्या, फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, मागाहून बदलता येतो, त्यामुळे गुलाबी किती करायचा हा सर्वस्वी काकांच्या विवेकाचा प्रश्न आहे. जास्त केला तर खोटं, नाही केला तर भिगवणला जाऊन बगळे काढून आलात का, असं लोक विचारणार. काकांचा विवेक गेल्या हिवाळ्यापासून विचार करतोय.

इथेच काकांच्या कॅमेरा आणि कोड या दोन्ही वेडांचा सांधा आहे, आणि तो खरोखर गमतीचा आहे. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. चारांतले दोन हिरवा, एक तांबडा, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी काढली, पेटंट १९७६ चं. मग प्रत्येक ठिपक्याला उरलेले दोन रंग कुठून मिळतात? शेजारच्या ठिपक्यांवरून सॉफ्टवेअर ते हिशेबानं ठरवतं. म्हणजे फोटोतला दोन तृतीयांश रंग हा अंदाज असतो. कॅमेरा फक्त आकडे गोळा करतो, चित्र काढतो तो प्रोग्राम. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो होतो. फक्त सांगण्याची वेळ काकांना साधत नाही. एका लग्नात आहेराच्या रांगेतून स्टेजवर पोचल्यावर ते नवरीला म्हणाले, "तुझ्या शालूचा दोन तृतीयांश रंग अंदाजे आहे बरं का." शालू सासूनं घेतला होता. नवरीनं सासूकडे पाहिलं. पुढचं मी ऐकलं नाही, मागची रांग ढकलत होती.

दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं रोप लावून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली होती. ती फीत दाखवून त्यांनी भांडवलाची खटपट केली, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हे वाचल्यावर काकांनी खिडकीत कुंडी मांडली. काकूंनी दागिने दिले नाहीत, वाटाणे दिले. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याएवढा संगणक कॅमेऱ्याला जोडला आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो निघेल असा प्रोग्राम लिहिला. महिनाभर घरात खिडकीचा पडदा हलवायला बंदी होती. शेवटी लक्षात आलं की प्रोग्राम प्रत्येक फोटोला एकच नाव देत होता, आणि नवा आला की जुना पुसला जात होता. महिन्याच्या मेहनतीतून एक फोटो उरला. रोपाला शेंगा मात्र चांगल्या धरल्या होत्या.

सोसायटीनं एकदा मेंटेनन्सच्या बिलांचं काम काकांकडे दिलं. वार्षिक सभेत खजिनदारांनी विचारलं की एकूण बेरजेत एक पैसा जास्त कसा येतो. खरं तर काकांनी "दुरुस्त करतो" म्हणून बसायला हवं होतं. ते फळ्याकडे गेले. संगणक दोनच अंकांत हिशेब करतो, त्यात एक दशांश नेमका मावत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश मावत नाही. म्हणून पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ती ०.३०००००००००००००००४ सांगते. तळमजल्यावरचे निवृत्त मामलेदार उठून म्हणाले, "ते असू दे. पैसे कुणी खाल्ले?" पुढच्या महिन्यापासून बिलं पुन्हा हातानं, लाल वहीत.

बॅकअपच्या बाबतीत मात्र काकांकडे बोट दाखवता येणार नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा फोटोग्राफरांचा नियम ते पाळतात. दुसरं गाव म्हणजे सातारा. सासऱ्यांच्या गोदरेज कपाटात, पैठण्यांच्या खाली, एक हार्ड डिस्क असते. दर तीन महिन्यांनी काका ती बदलायला जातात, आणि जावई वरचेवर येतो म्हणून सासरे समाधानी असतात.

काकांच्या आई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्यांनी केव्हातरी म्हटलं होतं, "अरे, माझा एक बरासा फोटो काढून ठेव, भिंतीवर लावायला." काकांनी त्यांना पूर्वेच्या खिडकीशी बसवून दीडशे फोटो काढले. मग त्यांतला सर्वांत रेखीव कुठला हे डोळ्यांनी ठरवणं अशास्त्रीय म्हणून त्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहायला घेतला. तो चालू आहे. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मी कधीची तयार आहे हो. पण फोटो झाल्याशिवाय जाता कसं येईल?" डॉक्टर त्यांच्या तब्येतीचं श्रेय गोळ्यांना देतात. आजी देत नाहीत.

एवढं हसून झाल्यावर एक कबूल करायला हवं. अशा माणसांना कामचुकार म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली लिनक्सची पहिली खबर दिली तेव्हा हा आपला छंद आहे, एवढंच म्हटलं होतं. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. फोटोत दडलेली तारीख, लेन्स, शटर ही सारी माहिती वाचणारं एक्सिफटूल कॅनडातल्या फिल हार्वे यांनी २००३ पासून लोकांना फुकट दिलं आहे. पगारी माणूस काम संपलं की उठतो. हौशी माणसाचं काम संपत नाही, म्हणून तो इतरांनी सोडलेल्या बारीकशा चुकीमागेही तीन रात्री जागतो. काकांचंही नाव एका मोफत सॉफ्टवेअरच्या आभारयादीत आहे. मराठी मेनूमधला 'उजेड' त्यांनी ऱ्हस्व उकारानं लिहायला लावला. त्या पानाचा फोटो त्यांनी काढला आहे, आणि त्यांच्या पाऊण लाखांतला कागदावर छापून घेतलेला तेवढा एकच.

तेव्हा तुमच्या घरी कार्य असेल आणि तुमच्याकडचे असे काका कॅमेरा घेऊन येतो म्हणाले तर नाही म्हणू नका. आधी जेवायला वाढा. रॉच्या जोडीला जेपेगही चालू आहे ना, एवढं हळूच बघून घ्या. आणि ते निघाले की कॅमेरा त्यांना द्या, मेमरी कार्ड तुमच्याकडे ठेवा.