मेकाट्रॉनिक भाऊ

कापसाच्या बाबतीत भाऊंना फसवील असा माणूस हिंगणघाटात अजून जन्माला यायचा आहे. ढीग केवढाही असो, वरच्या पांढऱ्याशुभ्र मालाकडे ते ढुंकून बघत नाहीत. बाही वर सारतात, हात कोपरापर्यंत आत खुपसतात, तळातला पुंजका ओढून काढतात आणि दोन चिमटींत धरून हलकेच ताणतात. धागा केवढा ते कळलं. मग तोच पुंजका गालाला लावतात. ओल किती ते कळलं. सीसीआयचा ग्रेडर आठ ते बारा टक्क्यांमधला जो हिशेब यंत्र खुपसून करतो, तो भाऊंचा गाल वीज न जाळता करतो. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटच्या कापसाचा भाव नावानिशी लागत असे, हे भाऊ असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, तिथल्या हर्रासालाही तेच उभे होते.

तर असा हा अडत्या. जगातली कुठलीही गोष्ट आत हात घातल्याशिवाय घ्यायची नाही, हे ज्याचं तत्त्व, त्यानं आयुष्यात एक वस्तू बंद डब्यात घेतली. ती म्हणजे गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

कारण साधं होतं. डावा गुडघा. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबणं कमी करा. भाऊंनी ते मनावर घेतलं आणि जिला क्लचचं पायडलच नाही अशी गाडी घेतली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही; भाऊही आता घेत नाहीत, ‘ते लोकं’ एवढंच म्हणतात. गाडी घेताना शोरूममधल्या पोरीनं वॉरंटी वाढवून घ्यायला सुचवलं होतं. भाऊ म्हणाले, “लग्नाच्या मांडवात तेरवीची गोष्ट काढू नये, बाई.”

वॉरंटी दिवाळीला संपली. गाडी संक्रांतीला थांबली, २०२५ च्या. नागपूरहून येताना, जामच्या चौकात, जिथून चंद्रपूरचा फाटा फुटतो तिथे. इंजिन चालू, काट्यांमध्ये पान्याचा दिवा पेटलेला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि गाडी जागची हलेना. ‘जामला जाम झाली’ हा विनोद त्यानंतर गावात ज्यानं ज्यानं केला त्याच्याशी भाऊंनी महिनाभर उधारीचा व्यवहार बंद ठेवला. तेव्हा तो विनोद इथेच सोडू.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दोरावर गेली. मी सोबत होतो. टॅब घेतलेल्या एका गोऱ्यागोमट्या पोरानं गाडीला वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, “सर, मेकाट्रॉनिक युनिट गेलंय. क्लचही. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.”

“खोलून पाह्यलं का, बाबू?”

“नाही सर, स्कॅनर लावला ना.”

“खोल मग. मी बसतो.”

“सर, हे खोलत नाहीत. हे रिपेअर होत नाही, रिप्लेस होतं.”

भाऊ त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी किंमत विचारली. पोरानं टॅब फिरवून दाखवला: ३,१६,०००. भाऊंच्या तोंडाचं पाणी पळालं, पण डोक्यातलं गणित थांबलं नव्हतं. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. “बेचाळीस क्विंटल,” ते पुटपुटले. “तोही हमीभावानं. बाजारभावानं धरलं तं याहून जास्त.”

“सर?”

“काई नाई. बिघडलं कायच्यानं ते सांग.”

“तुमच्या ड्रायव्हिंग पॅटर्नमुळे, सर.”

हे वाक्य भाऊंच्या काळजात रुतलं. हर्रासाला उशीर झाला तर भाव पडतो, पण म्हणून ‘शेतकऱ्याच्या चालण्याच्या पद्धतीमुळे कापूस ओला झाला’ असं आजवर कुठल्या अडत्यानं म्हटलेलं नाही. त्या रात्रीपासून भाऊंनी अभ्यासाला सुरुवात केली.

आणि मी सांगतो, सातवी पास माणसानं साठीत असा अभ्यास केलेला मी तरी पाहिला नाही. तीन महिन्यांत त्यांना टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, एएमटी आणि डीसीटी या ऑटोमॅटिकच्या चार जातींतला भेद तोंडपाठ झाला. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर ते दोन प्लेटा मागवत. दोन्ही रिकाम्या. “हे पाह्य. आपली डीसीटी. याच्यात क्लच दोन. हा एक-तीन-पाच-सातचा. हा दोन-चार-सहाचा. एक चालू असते तवा दुसरा पुढचा गिअर धरून तयार. झटका नाई, काई नाई. आणि हे दोघायले चालवते कोन? मेकाट्रॉनिक! म्हंजे तेलाचे व्हॉल्व्ह आन् कम्प्युटर एकाच डब्यात.” हा शब्द ते इतक्या चवीनं उच्चारत की ठेल्यावरच्या पोरांनी त्यांचं नावच मेकाट्रॉनिक भाऊ ठेवलं. पोहे मागवणारे लोक प्लेटांसाठी ताटकळत उभे असायचे.

अभ्यासात एक अडचणीची गोष्टही हाती लागली. भाऊंच्या गाडीतले क्लच कोरडे, म्हणजे तेलात न्हाणारे नव्हेत. अशा क्लचला वेगाचं भय नाही, मुंगीच्या चालीचं आहे. गाडी पायी चालण्याच्या गतीनं रांगत ठेवली की तो अर्धवट चिकटून घासत राहतो आणि तापतो. आता नोव्हेंबर ते जानेवारी बाजार समितीच्या दिशेनं कापसाच्या गाड्यांची रांग लागली की तिच्या मागे भाऊंची गाडी रोज तेच करायची: दोन हात पुढे, थांब, दोन हात पुढे. म्हणजे त्या टॅबवाल्या पोराचं अगदीच चुकलं होतं असं नाही. भाऊंना हे पटलं, पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. “हिंगणघाटात गाडी विकतान कापसाचा हंगाम ठाऊक नव्हता काय त्यायले?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मेलबर्नच्या भाच्यानं त्यांच्या हाती आयतंच कोलीत दिलं. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सवर लोकांच्या ढीगभर तक्रारी आल्या. कंपनी अनेकांना सांगायची, हादरे बसतात ते तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे. हे कोर्टात गेलं आणि २०१८ साली कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड बसला. भाऊंची गाडी त्या कंपनीची नव्हे, गिअरबॉक्सही तो नव्हे, पण “वाक्य तं तेच हाय ना!” म्हणून त्यांनी ती बातमी छापून घेतली आणि फायलीत सर्वांत वर लावली.

फायलीतला दुसरा कागद मात्र बाजारात गोंधळ माजवून गेला. २०१४ साली सीसीआयनं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, कारण सुटे भाग त्या बाहेरच्या मेकॅनिकला मोकळेपणी मिळू देत नव्हत्या. भाऊंनी हे आडतीवर मोठ्यानं वाचलं. हिंगणघाटात सीसीआय म्हणजे एकच: कापूस खरेदी करणारी. अल्लीपूरकडचा एक शेतकरी उठून उभाच राहिला. “काय सांगता भाऊ! आपला चुकारा देतान इतके कागद मांगते, आन् गाडीवाल्यायले दोन हजार कोटी दंड?” ही सीसीआय म्हणजे स्पर्धा आयोग, कापूस महामंडळ नव्हे, हे समजावण्यात अर्धी दुपार गेली. तरी दोघे जण दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर जाऊन ग्रेडरचं अभिनंदन करून आलेच.

या काळात भाऊंशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलणं अशक्य झालं. पाऊस म्हटलं की ते सेन्सरवर येत, निवडणूक म्हटलं की गिअर बदलण्यावर. एका तेरवीला आम्ही पंगतीत शेजारी होतो. गेलेला माणूस पन्नाशीतला, हार्टफेल. समोरचे गुरुजी हळहळले, “काहीच लक्षण नव्हतं हो. चालता चालता गेले.”

भाऊंनी वरणाचा भुरका मारला. “लक्षणं असतात, गुरुजी. पहिल्या-दुसऱ्यात थरथरते. आपण लक्ष देत नाई.”

“कोण थरथरतं?”

“मंग एक दिवस एकदम न्यूट्रल.”

गुरुजींनी पान सोडलं. मी भाऊंच्या पायावर पाय दिला. तो नेमका डाव्या गुडघ्याचा निघाला.

गुडघ्यावरून आठवलं. घरच्या आघाडीवर भाऊंचा जो पराभव झाला तो याच गुडघ्यानं केला. वहिनींनी कुठूनसं वाचून काढलं की २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला आणि साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली. नवऱ्याच्याच भाषेत त्यांनी हिशेब मांडला: “गुडघा सव्वासात क्विंटल. डब्बा बेचाळीस क्विंटल. सावंगीच्या दवाखान्यात जाऊन पायच बदलून घेतला असता तं जुनी गाडी पुरली असती. वरून डॉक्टर एक्स-रे तरी दाखवते.” दवाखान्याचं बिल वेगळं असतं, हे भाऊ म्हणू शकले असते. पण एक्स-रेच्या मुद्द्यावर ते गप्प झाले. त्यांचं दुखणं वहिनींनी बरोबर ओळखलं होतं. पैसे जातात याचं त्यांना वाईट वाटत होतंच. पण कशापायी जातात ते कोणी उघडून दाखवत नाही, याची आग जास्त होती.

वर्ध्याचे वकील म्हणाले, ग्राहक आयोगात जाऊ. गाडीच्या किमतीवर फी चारशे रुपये. पाच किलो कापूस! भाऊंचा चेहरा उजळला. वकिलांनी अर्ज लिहायला घेतला: नुकसानभरपाई किती, मानसिक त्रासाचे किती? भाऊ म्हणाले, “तसं नका लिहू. लिहा, सदर डब्बा अर्जदाराच्या डोळ्यादेखत खोलण्यात यावा.” वकील म्हणाले, कायद्यात आहे की, दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते. तपासणीची रक्कम आधी तुम्ही भरायची. आणि हो, डबा तोवर सीलबंद राहील. ‘सीलबंद’ ऐकताच भाऊ उठले.

शेवटी त्यांनी ते केलं जे बाजारात कोणालाही आजतागायत खरं वाटत नाही. सर्व्हिस सेंटरनं चाळीस हजारांची सूट देऊ केली होती, ‘गुडविल’ म्हणून. अट एकच, जुना गिअरबॉक्स कंपनीला परत जाईल. किलोमागे आठ आण्यांसाठी सकाळ घालवणाऱ्या या माणसानं सूट नाकारली. “पुरे पैसे घ्या. माह्या डब्बा मले द्या.”

डबा ‘छोटा हत्ती’ टेम्पोत घालून हिंगणघाटला आला. सरकी भरलेल्या गाड्यांच्या मध्ये धर्मकाट्यावर त्याचं वजन झालं. काट्याची गल्लत वजा जाता सत्तरेक किलो भरला. मग तो गेला हायवेवरच्या मिस्त्रीकडे. हा मिस्त्री ट्रकचा गिअरबॉक्स बिडी विझायच्या आत उतरवतो, पण याच्यापुढे तोही जरा सावरून बसला. “भाऊ, पुन्हा बसवाले नाई सांगणार ना?” नाही म्हटल्यावर त्यानं पाना उचलला.

शेडमध्ये पन्नासेक माणसं असतील. दोन अडते, मापारी, पोहेवाला, आणि तेरवीचे ते गुरुजीसुद्धा. हाऊसिंग सुटलं तसा करपलेला उग्र वास आला. मिस्त्रीनं क्लचची जोडी खाली घेतली. लोखंड तापून निळंजांभळं पडलं होतं, अस्तर झिजून रिबिटांपर्यंत आलं होतं आणि सगळीकडे बारीक काळी भुकटी. दुसऱ्या बाजूला मेकाट्रॉनिक: अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यावर सर्किटाची पट्टी, दिसायला नवीकोरी. तिच्यात काय बिघडलं ते मिस्त्रीला सांगता आलं नाही आणि जमलेल्या पन्नासांपैकी कोणालाही.

भाऊंनी बाही वर सारली. हात कोपरापर्यंत आत घातला. तळाशी हात फिरवून चिमूटभर काळी भुकटी बाहेर काढली, दोन चिमटींत धरून ताणली. गालालाही लावली.

“धागाच नाई बे याले,” ते म्हणाले. “फरदडीचा माल पहिल्या वेचणीच्या भावानं देल्ला.”

त्या रात्री भाऊ शांत झोपले, असं वहिनी सांगतात. भंगारवाल्याकडून किलोमागे तीन रुपये वाढवून घेऊन त्यांनी तो ॲल्युमिनियमचा ठोकळा तेवढा विकला. क्लच आडतीवर खुंटीला टांगलेला आहे. ऑटोमॅटिक घ्यायचं मनात असलेल्या प्रत्येकाला आधी तो हातात धरावा लागतो.

नव्या गिअरबॉक्सला वॉरंटी वर्षाची मिळाली. पहिले अकरा महिने भाऊंनी गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपली, नागपूरला जायचं तर एसटीनं गेले. बाराव्या महिन्यात त्यांच्या ध्यानात आलं की वॉरंटी तारखेनं संपते, वापरण्यानं नाही. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. आता रोज सकाळी भाऊ काही काम नसताना गाडी काढतात आणि बाजार समितीच्या रांगेत मुद्दाम बैलबंडीच्या मागे घुसवतात. दोन हात पुढे, थांब. दोन हात पुढे, थांब. बाजूनं मोकळा रस्ता असला तरी जात नाहीत. मागचे हॉर्न वाजवतात, भाऊ काच खाली करून गाडीच्या पोटाकडे कान लावतात. थरथर नाही, वास नाही, पाना पेटत नाही. गाडी लोण्यासारखी रांगते.

परवा मी शेजारी बसलो होतो. वॉरंटीचे आठ दिवस उरलेले. भाऊंनी स्टिअरिंगवर जोरात थाप मारली.

“कंपनीचा डब्बा फुकट बदलून भेटते म्हटलं तं बिघडूनही नाई राह्यली, पाय बरं!”